टाकीवरची बाग

2012 च्या फेब्रुवारीत मुंबई महानगरपालिकेची निवडणूक व्हायची होती. आम्ही त्या वेळी परळ-लालबाग भागातल्या एका धर्मग्रामात सेवा करीत होतो. आगमनकाळातला रविवार होता. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही उपासनेची वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या युवक मंडळातला एक तरुण आत आला. वय तिशीच्या आतले. त्याचे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा नीट उभी राहिली नाही आणि वडीलही राहिले नाहीत. मुलगा मात्र हातचा हुन्नर शिकला, उद्‌वाहन दुरुस्तीच्या कामाला लागला आणि संध्याकाळचा वेळ चाळीसाठी देऊ लागला.

त्यांच्या चाळीत पहाटे चारला पाणी येई ते पाऊण तास. तळमजल्यावरची पिंपे भरत. तिसऱ्या मजल्यावरच्या नळातून नुसती हवा फुसफुसत असे. आतली वाहिनी गंजून गेलेली. घरमालक सही द्यायला तयार नव्हता आणि भाडेकरूंत एकी नव्हती. या मुलाने दोन वर्षे घरोघर फिरून वर्गणी जमवली, अर्ज लिहिले, पोचपावत्या जपून ठेवल्या. गंजलेल्या नळाचा एक तुकडा कापून तो पिशवीत घालूनच तो हिंडत असे. शंका घेणाऱ्यापुढे तो तुकडा ठेवी. शेवटी वाहिनी बदलली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पहाटे बादल्या घेऊन जिना उतरावा लागेनासा झाला. चाळीतली बहुतेक बिऱ्हाडे हिंदूंची, दोन मुसलमानांची, चार आपली. त्या सर्वांनी मिळून त्याला सांगितले, की आता तू महापालिकेला उभा राहा.

तो आमच्याकडे विचारायला आला होता. ‘‘फादर, उभा राहू का? तुम्ही म्हणाल तसं.’’

आम्ही त्याला काय सांगितले ते आज लिहिताना हात अडखळतो. आम्ही म्हटले, ‘‘अरे बाळा, चिखलात दगड टाकून अंगावर शिंतोडे कशाला उडवून घ्यायचे? आपण मूठभर माणसं. आपलं काम करावं, प्रार्थना करावी, शांत राहावं. राजकारण हा आपला प्रांत नव्हे.’’

‘‘बरं, फादर,’’ तो म्हणाला. क्षणभर उभा राहिला. मग मंदिरात जाऊन त्याने बाकांवर पडलेली गायनपुस्तके गोळा केली, कपाटात रचून ठेवली आणि घरी गेला. तो उभा राहिला नाही. पुढल्या वर्षी तो न्यूझीलंडला नोकरीसाठी गेला. जाण्यापूर्वी आशीर्वाद घ्यायला आला तेव्हा आम्हीच मोठ्या आनंदाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मुलाचे भले झाले, असेच आम्हाला वाटत होते.

त्यानंतर तो भेटला तो गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, त्याच्या आईच्या दफनविधीला. शिवडीच्या कबरस्तानात माती देऊन झाली. लोक पांगले. तो मागे राहिला आणि आमच्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘फादर, काका बॅप्टिस्टांची कबर इथंच आहे ना?’’

‘‘आहे. पण तुला आज त्यांची आठवण कशी झाली?’’

तो ओशाळून हसला. ‘‘त्या रविवारी मी तुमच्याकडं आलो होतो ना, तेव्हा त्यांच्यावरच्या एका लेखाचं कात्रण माझ्या खिशात होतं. तुम्हाला दाखवणार होतो. मग राहून गेलं.’’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हाला उत्तर देता आले असते. एवढेच बोलून तो आईच्या ताज्या मातीवर विस्कटलेली फुले सारखी करू लागला. त्या रात्री आम्ही काका बॅप्टिस्टांविषयी मिळेल ते वाचायला घेतले. आपल्या समाजाचा एक थोर पुरुष म्हणून त्यांचे नाव आम्ही प्रवचनात अनेकदा घेतले होते. पण त्यांनी आयुष्यभर नेमके काय केले, याची चौकशी कधी केली नव्हती. आपल्या वाचक कुटुंबांतही आमच्यासारखे पुष्कळ असतील, म्हणून जे हाती लागले ते येथे मांडतो.

जोसेफ बॅप्टिस्टा 17 मार्च 1864 रोजी माझगावच्या माथारपाखाडीत जन्मले. घराणे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. 17 मार्च हा आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण. पुढे या माणसाच्या विचारावर आयर्लंडची जी छाया पडली ती जणू त्याच्या पाळण्यावरच पडली होती. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुण्याला ते अभियांत्रिकी शिकले. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परतले.

ते विलायतेत शिकले त्या काळात तिकडच्या राजकारणात आयर्लंडचा प्रश्न धगधगत होता. आयरिश पुढाऱ्यांची मागणी ‘होमरूल’ची होती. राजा इंग्लंडचाच राहील, पण आयर्लंडचा अंतर्गत कारभार डब्लिनमध्ये बसणारी आयरिश प्रतिनिधींची सभा पाहील, असा तिचा अर्थ. ग्लॅडस्टनने त्यासाठी 1886 मध्ये विधेयक आणले. ते कनिष्ठ सभागृहातच पडले. 1893 मध्ये दुसरे आणले. ते उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. तिसरे 1914 मध्ये कायदा होऊन बसले, पण महायुद्ध पेटल्यामुळे त्याचा अंमल लगेच तहकूब झाला. एका श्रद्धावान कॅथलिक राष्ट्राने अठ्ठावीस वर्षे कायद्याच्या दारात उभे राहून वाट पाहिली, ती अशी.

ही कल्पना बॅप्टिस्टांनी हिंदुस्थानात आणली आणि लोकमान्य टिळकांपुढे मांडली. टिळकांचे ते स्नेही होते आणि कायदेशीर सल्लागारही. 28 एप्रिल 1916 रोजी बेळगावला ‘इंडियन होमरूल लीग’ स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे न घेता बॅप्टिस्टांना दिले. चिटणीस झाले नरसिंह चिंतामण केळकर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, आयरिश रक्ताच्या ॲनी बेझंटबाईंनी मद्रासला आपली दुसरी लीग काढली.

आता त्या आठवड्यात आयर्लंडात काय चालले होते ते पाहावे. 1916 चा पुनरुत्थान रविवार 23 एप्रिलला आला होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, डब्लिनमध्ये प्रजासत्ताकवाद्यांनी सशस्त्र उठाव केला, टपाल कचेरी ताब्यात घेतली आणि स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. शनिवारी, 29 तारखेला, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. म्हणजे बेळगावात जेव्हा आयरिश धर्तीची सनदशीर लीग जन्माला येत होती, त्याच दिवशी खुद्द आयर्लंडात त्या सनदशीर वाटेवरचा लोकांचा विश्वास तोफांच्या धुरात विरत होता. उठावाच्या पुढाऱ्यांना मे महिन्यात गोळ्या घालण्यात आल्या आणि आयरिश जनतेचे मन पालटले ते कायमचे. होमरूलची मागणी मागे पडली. प्रजासत्ताकाची पुढे आली.

बॅप्टिस्टांनी हातात शस्त्र घेतले नाही. परंतु ज्यांनी घेतले त्यांच्याकडे पाठही फिरवली नाही. 1910 मध्ये मुंबईत विशेष न्यायासनापुढे विनायक दामोदर सावरकरांवर खटला चालला, तेव्हा बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा होते. आपल्या समाजाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबई-साष्टी-वसईच्या आपल्या लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. सरकारी नोकऱ्यांच्या रांगेत इतरांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हा त्यामागचा हिशेब. त्याच समाजातला एक बॅरिस्टर राजद्रोहाच्या आरोपींची वकीलपत्रे घेऊ लागला! पाखाडीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला काय सांगितले असेल, याची कल्पना आम्ही करू शकतो. चिखलात दगड टाकू नकोस, हेच सांगितले असेल.

‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे टिळकांचे वाक्य मूळ बॅप्टिस्टांचे, असे काही लेखक म्हणतात. आपल्या सभासमारंभांत हा दावा आवर्जून केला जातो आणि त्यावर टाळ्याही पडतात. तो खरा की खोटा याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. आम्हाला त्या रात्री वाचताना वेगळीच गोष्ट लागली. या माणसाच्या आयुष्यातला मोठा भाग घोषणांत गेलेला नाही. तो गेला आहे महापालिकेच्या बाकावर.

1901 मध्ये ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले आणि सुमारे सतरा वर्षे त्या सभागृहात बसले. तो काळ डोळ्यांपुढे आणावा. 1896 मध्ये मांडवीत प्लेग निघाला होता आणि त्याची वर्षावर्षाला परतणारी साथ अजून सरली नव्हती. आपल्या गावठाणांत आणि पाखाड्यांत रस्त्याच्या वळणावर जे क्रूस आहेत, त्यांतले कितीतरी त्या साथीत नवस म्हणून उभे राहिले. गल्लीतली माणसे क्रुसापाशी जमून तिन्हीसांजेला गुलाबमाळ म्हणत. प्रार्थना ती करीत. पण त्याच गल्लीतले गटार कोणी बांधायचे, तानसाचे पाणी 1892 पासून शहरात आले ते कोणत्या आळीपर्यंत न्यायचे, हे ठरत होते बोरीबंदरासमोरच्या त्या घुमटाच्या इमारतीत. बॅप्टिस्टा क्रुसापाशीही बसणाऱ्यांतले होते आणि त्या इमारतीतही बसणाऱ्यांतले.

त्या सभागृहाला अधिकार तरी किती होते? 1888 च्या महापालिका कायद्याने पैशाची किल्ली सभागृहाच्या हाती दिली. पण प्रत्यक्ष अंमल सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती ठेवला. सभासदांनी प्रश्न विचारायचे, अंदाजपत्रक तपासायचे, खर्च मंजूर करायचा किंवा अडवायचा. मतदारही निवडक, कर भरणारे. 1922 मध्ये दरमहा 10 रुपये भाडे भरणाऱ्याला मताचा हक्क मिळाला, तरी गिरणगावातल्या एका खोलीत राहणारा कामगार बहुधा त्या रेषेच्या खालीच राहिला. सर्व प्रौढ माणसांनी मत दिले ते 1948 च्या निवडणुकीत. अशा तोकड्या अधिकारांच्या जागी, इंग्रज व्यापारी, पारशी शेटजी आणि सरकारनियुक्त सभासद यांच्या शेजारी, टिळकांचा हा मित्र वर्षानुवर्षे बसला. जो मनुष्य व्यासपीठावरून सर्व देशाचे स्वराज्य मागत होता, तो दुसऱ्या दिवशी एका शहराच्या पाण्याच्या आणि कचऱ्याच्या कागदांवर मान घालून बसत होता. त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती. मराठी भाषेलाही दिसत नाही. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या सर्वांना आपण ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणतो. टिळकांचा तो शब्द आज सरकारी कागदावर रोज लिहिला जातो तो एवढ्या एकाच जागी.

कामगारांशी त्यांचे नाते असेच कामातून जुळले. ते टपालवाल्यांच्या चळवळीत होते. 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपत राय आणि उपाध्यक्ष बॅप्टिस्टा. पुढल्या वर्षी कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरियाला, दुसरे अधिवेशन झाले त्याचे अध्यक्ष ते स्वतः. टिळक त्यापूर्वीच, 1 ऑगस्ट 1920 रोजी, सरदारगृहात निवर्तले होते आणि गिरगावच्या चौपाटीवर त्यांना अग्नी दिला गेला होता. गांधीजींच्या असहकाराची लाट उसळली होती. बॅप्टिस्टा त्या लाटेबरोबर गेले नाहीत. मिळेल त्या सभागृहात शिरावे, चांगल्याला साह्य करावे, वाईटाला अडवावे, हे टिळकांचे प्रतियोगी सहकारितेचे धोरण त्यांना पटले होते. लाटेच्या उलट उभे राहणाऱ्याला लोक लवकर विसरतात. तेही विसरले गेले.

ज्या 31 ऑक्टोबरला मुंबईत कामगारांचे ते अधिवेशन सुरू झाले, त्याच रविवारी आयर्लंडातल्या कॉर्क शहरात एका महापौराची अंत्ययात्रा निघाली होती. टेरेन्स मॅकस्विनी हे त्याचे नाव. त्याच्या आधीचा महापौर टोमास मॅककर्टन याला त्याच वर्षीच्या 20 मार्चला राहत्या घरी गोळ्या घालून मारण्यात आले होते. ती रिकामी खुर्ची प्रजासत्ताकवादी मॅकस्विनीने स्वीकारली. ऑगस्टमध्ये त्याला कॉर्कच्या नगरभवनातच अटक झाली. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवस अन्न वर्ज्य करून 25 ऑक्टोबरला तो मरण पावला. त्याच्या उपवासाकडे सारे जग पाहत होते. हिंदुस्थानातल्या क्रांतिकारकांवरही त्याची खोल छाप पडली. दोन बंदरांची शहरे, दोन कॅथलिक पुढारी, एकच साम्राज्य. एकाला नगराची खुर्ची म्हणजे हौतात्म्याची पायरी ठरली. दुसऱ्याला ती 1925 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या पाठोपाठ मिळाली आणि त्याने वर्षभर तिच्यावर बसून सभेचे कामकाज चालवले. तेव्हा त्या पदाला ‘अध्यक्ष’ म्हणत. ‘महापौर’ हे नाव 1931 मध्ये आले. आज आपण त्यांना महापौर बॅप्टिस्टा म्हणतो ते आदराने.

हौतात्म्याची थोरवी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. आपली वेदी संतांच्या अवशेषांवर उभी असते. मात्र कामकाज चालवणाऱ्याची थोरवी आपल्याला दिसत नाही, आणि याची एक जुनी शिकवण आम्हाला मिळाली होती ती आम्ही वाया घालवली.

1998 च्या उत्तम शुक्रवारी, 10 एप्रिलला, बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडचा शांतता करार झाला. आम्ही तेव्हा गोरेगावच्या गुरुविद्यालयात शेवटच्या वर्षात होतो. पुनरुत्थानाच्या सुटीनंतर वर्ग भरले तेव्हा आम्ही विद्यार्थी त्या कराराविषयी मोठ्या उमाळ्याने बोलत होतो. आमचे एक वयोवृद्ध प्राध्यापक शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘सही केली, चांगले झाले. आता त्यांना शाळा आणि गटारे चालवायची आहेत. खरा प्रायश्चित्तकाळ पुढे आहे.’’ आम्ही हसलो होतो.

पुढे तसेच झाले. डेरी शहराच्या गरीब वस्तीत वाढलेला, खाटकाच्या दुकानात उमेदवारी केलेला मार्टिन मॅकगिनेस हा माणूस 1972 मध्ये त्या शहरातल्या आयरिश रिपब्लिकन आर्मीचा दुय्यम सेनानी होता. हे त्याने पुढे चौकशी आयोगापुढे स्वतःच मान्य केले. करारानंतर 1999 मध्ये प्रांतिक सरकार आले आणि त्यात तो शिक्षणमंत्री झाला. अकराव्या वर्षी मुलांची विभागणी करणाऱ्या ज्या परीक्षेत तो लहानपणी नापास झाला होता, ती बंद करण्याचा निर्णय त्याने जाहीर केला. 2007 मध्ये, ज्याने आयुष्यभर त्याच्यासारख्यांचा धिक्कार केला त्या प्रोटेस्टंट पाळक इयन पेस्ली यांच्या जोडीला तो उपप्रथममंत्री झाला. 2012 मध्ये त्याने इंग्लंडच्या राणीशी हस्तांदोलन केले. 2017 च्या मार्चमध्ये तो वारला. ज्या घरांतली माणसे त्याच्या संघटनेने मारली, त्यांतल्या अनेकांनी त्याला क्षमा केली नाही, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. पण कालच्या शत्रूशेजारी बसून दहा वर्षे फायली वाचणे, हे प्रायश्चित्ताच्या फार जवळ जाणारे काम आहे, असे आम्हाला आमच्या प्राध्यापकांचे शब्द आठवून वाटते.

आता आम्ही आमच्याकडे वळतो. ख्रिस्तसभेच्या कायद्याने धर्मगुरूला सत्तेचे सार्वजनिक पद घेण्यास मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. वेदीवर सर्व पक्षांची माणसे एकाच भाकरीसाठी येतात. म्हणून तर हे काम प्रापंचिकांचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात लोकांच्या हितासाठी सार्वजनिक पदांचा भार उचलणाऱ्यांचे कार्य स्तुत्य मानले आहे. हा दस्तऐवज आम्ही धर्मशिक्षकांच्या वर्गात शिकवला आहे. फळ्यावर मुद्दे काढून शिकवला आहे. आणि ज्या दिवशी तो मुद्दा जिवंत माणसाच्या रूपाने, पाण्याच्या पोचपावत्या घेऊन, आमच्यापुढे उभा राहिला, त्या दिवशी आम्ही त्याला शांत राहायला सांगितले.

का सांगितले? त्याच्या काळजीपोटी, असे आम्ही पुष्कळ दिवस स्वतःला समजावले. खरे कारण निराळे होते. तो हरला असता तर धर्मग्रामाचे हसे होईल, जिंकला असता तर उद्या चाळीतले भांडण मंदिराच्या दारात येईल, अमुक पक्षाचे लोक नाराज होतील, सणाच्या मिरवणुकीच्या परवानगीला अडचण येईल. आम्ही आमची शांती राखत होतो आणि तिला त्याची शांती म्हणत होतो. दाखल्यातल्या चाकराने एक तालांत जमिनीत पुरून ठेवला तो त्याच्या स्वतःकडे सोपवलेला होता. आम्ही दुसऱ्याचा पुरला.

त्या वेळी तो उभा राहिला असता तर निवडून आला असता, असे आम्ही म्हणत नाही. अपक्षाला आणि तेही पैसा नसलेल्याला मुंबईत यश मिळणे कठीण. पण चाळीतल्या बिऱ्हाडांना ज्याच्यावर विश्वास टाकावासा वाटला, असा एक माणूस या शहराने गमावला, आणि तो गमावण्याला आमचा आशीर्वाद होता. पुढे 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि काही वर्षे त्या घुमटाच्या इमारतीत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. ज्या बाकावर बसण्यासाठी बॅप्टिस्टांच्या पिढीने धडपड केली ती बाके रिकामी होती. आपल्या किती मंदिरांत त्याविषयी एक वाक्य बोलले गेले? आमच्या मंदिरात तरी बोलले गेले नाही.

18 सप्टेंबर 1930 रोजी बॅप्टिस्टा गेले. देशभर मिठाच्या सत्याग्रहाचे वातावरण होते. मुंबईचे तुरुंग भरले होते. शिवडीत त्यांना माती मिळाली. आणि माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव मिळाले.

ती बाग पाहायला आम्ही गेल्या महिन्यात गेलो. डॉकयार्ड रोडच्या स्थानकाशी उतरलो आणि पायऱ्या चढून गेलो. वरून पूर्वेला गोदी दिसते, बोटी दिसतात. म्हातारी माणसे बाकांवर बसली होती, पोरे खेळत होती. आपण कशावर उभे आहोत हे चटकन ध्यानात येत नाही. त्या हिरवळीखाली शहराच्या पाण्याचा मोठा साठा आहे. टेकडीच्या पोटात टाकी आणि माथ्यावर बाग. तेथून पाणी खालच्या वस्त्यांत उतरते.

महापालिकेचा एक कामगार झाडाखाली डबा खात बसला होता. आम्ही त्याला विचारले, ‘‘हे बॅप्टिस्टा कोण होते, ठाऊक आहे का?’’

त्याने पाटीकडे पाहिले, थोडा विचार केला. ‘‘नक्की नाही सांगता येत, फादर. पाणीखात्याचे कोणी जुने साहेब असतील.’’

आम्ही त्याची चूक दुरुस्त करणार होतो. लीग, बेळगाव, टिळक, केंब्रिज, सारे ओठांवर आले होते. मग वाटले, काकांना हे उत्तर वाईट वाटले नसते. आम्ही त्याच्याशेजारी बसलो. त्याने डब्यातली अर्धी पोळी पुढे केली. आम्ही ती घेतली.

घरी येऊन आम्ही त्या मुलाला पत्र लिहिले. आता मुलगा कसला, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. त्या कामगाराचे उत्तर लिहिले. त्या रविवारी आम्ही जे सांगितले ते चुकीचे होते, हेही लिहिले. आणि ते कात्रण अजून जपून ठेवले असेल तर त्याची एक प्रत धाडावी, आम्हाला ती मंदिराच्या दाराशी सूचनाफलकावर लावायची आहे, अशी विनंती केली. पुढच्या वेळी कोणी तरुण किंवा तरुणी विचारायला आली, तर आत येण्यापूर्वी तिने ती वाचलेली असावी.

उत्तर अजून आलेले नाही. फलकावरची एक चौकोनी जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.